मोटारीचा ताप आणि त्याचे निदान
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर, श्रोत्यांच्या आग्रहावरून किंचित विस्तार करून)



ज्या व्यासपीठावरून आजवर कुलाचार, शिक्षण, विवाहातील अनिष्ट खर्च अशा विषयांवर विचार मांडले गेले, त्याच व्यासपीठावर मोटारीच्या रेडिएटरने येऊन बसावे, हे काही मंडळींना चमत्कारिक वाटल्यास त्यांत नवल नाही. कार्यकारी मंडळाने आम्हांस विषय विचारला तेव्हा चिटणीसांच्या चेहऱ्यावरही तेच आश्चर्य आम्ही पाहिले. परंतु आता आपल्या ज्ञातीत मोटार ही कोणा एकट्या-दुकट्याची चैन राहिलेली नाही. शिमग्याला आणि गणपतीला निम्मी मंडळी आजी, सून, तान्हे मूल व पाटावरच्या गणपतीसह स्वतःच्या गाडीने कोकणात उतरतात. आणि गाडीचे इंजिन तापले म्हणजे तापते ते निव्वळ लोखंड नव्हे, आतील सारे कुटुंब त्यात सापडते.

याचा दाखला आपल्यातच आहे. गेल्या मे महिन्यात एक गृहस्थ सहकुटुंब कुलदैवताच्या वार्षिकास निघाले. ते आज या सभेत बसलेले आहेत व त्यांच्या संमतीनेच आम्ही ही हकीकत सांगत आहोत. नाव तेवढे सांगत नाही. गाडीत माणसे सात, टपावर सामान, वातानुकूलन चालू, दुपारची वेळ आणि पुढे घाट. चढणीच्या मध्यावर तापमानाचा काटा वर सरकू लागला. गृहस्थांनी शहाणपणाने गाडी थांबविली, बॉनेट उघडले, प्लॅस्टिकची बाटली पाहिली. ती खुणेपर्यंत भरलेली! मग पाण्याची तक्रार नाही असे समजून ते पुढे निघाले. दोन वळणे जातात न जातात तोच काटा लाल रेघेवर. आता मात्र धीर सुटला. हातावर टॉवेल घेऊन त्यांनी रेडिएटरचे झाकण फिरविले आणि उकळत्या पाण्याचा फवारा उजव्या हातावर कोपरापर्यंत उडाला. पुढचा भाग याहून वाईट. त्यांना इस्पितळात नेण्यासाठी पुतण्याने पिण्याच्या पाण्याच्या दोन बाटल्या रेडिएटरमध्ये ओतून तीच गाडी हाकली. थोड्याच वेळात काटा एकदम तळाशी गेला. ‘थंड झाली बरं का,’ असे म्हणून सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि तीन-चार किलोमीटरांवर इंजिन सीझ होऊन गाडी जागच्या जागी थिजली. इस्पितळ गाठले ते एका टेम्पोवाल्याच्या कृपेने. हात बरा झाला, व्रण राहिला. इंजिन नव्याने बांधण्यास जो खर्च आला त्यात घरातील मुलीची महाविद्यालयाची एका वर्षाची फी भागली असती.

या एका प्रसंगात आमच्या विषयातील जवळजवळ सारे प्रश्न आलेले आहेत. बाटली भरलेली असता रेडिएटर रिकामा कसा? झाकण उघडताच पाणी उसळले का? आणि काटा खाली येऊनही इंजिन जळाले ते कसे? त्यांची उत्तरे देण्यापूर्वी यंत्राची थोडी ओळख करून घेऊ.

इंजिनात जे इंधन जळते त्यातील उष्णतेचा साधारणतः तिसरा हिस्सा, फार तर त्याहून थोडा अधिक, चाके फिरविण्याच्या कामी येतो. बाकीची उष्णता धुराड्यावाटे आणि इंजिनाच्या अंगावाटे बाहेर टाकावी लागते. अंगावाटे जाणारी उष्णता वाहून नेण्यासाठी इंजिनाच्या पोटातून पाणी खेळविलेले असते. पंप ते ढकलतो, रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जाताना वाऱ्याने ते निवते, आणि निवून पुन्हा इंजिनात येते. वाटेवर थर्मोस्टॅट नावाचा एक पहारेकरी असतो. त्याच्या पोटात मेण असते. पाणी साधारण ८२ ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापले की ते मेण फुगून दार उघडते. तोवर पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरते, म्हणजे थंड इंजिन लवकर ऊब धरते.

मोटारीच्या जन्मकाळी ही व्यवस्था नव्हती. कार्ल बेंझ यांच्या गाडीत पाणी उकळून वाफ होऊन जात असे आणि तेवढे ते पुन्हा भरावे लागे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या पत्नी बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता दोन मुलांना बरोबर घेऊन मॅनहाइमहून फॉर्झहाइमला, सुमारे १०५ किलोमीटर, मोटारीने गेल्या. मोटारीचा तो पहिला लांबचा प्रवास समजला जातो, आणि वाटेत जेथे पाणी दिसेल तेथे थांबून त्यांना इंजिनाला पाणी पाजावे लागले. त्या निघाल्या होत्या आईकडे. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास माहेरच्या ओढीने घडला, ही गोष्ट भगिनींनी लक्षात ठेवण्याजोगी आहे! पुढे १९०१ च्या मर्सिडीज गाडीसाठी विल्हेल्म मायबाख यांनी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसविला आणि थोडक्या पाण्यात काम भागू लागले. आपल्यापैकी जुन्या मंडळींनी ज्या फियाट आणि ॲम्बॅसडर चालविल्या त्यांतील पंखा पट्ट्याने इंजिनाला बांधलेला असे. इंजिन मंद तर पंखाही मंद. म्हणूनच बोरघाटात बॉनेट उघडून धापा टाकीत उभ्या राहिलेल्या गाड्यांची रांग हे एके काळी उन्हाळ्यातले नेहमीचे दृश्य होते. कुर्ल्यात बनलेली ती पद्मिनी मुंबईच्या टॅक्सीतूनही २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. आताच्या गाड्यांचे पंखे विजेवर चालतात, आणि चालक इतके निश्चिंत झाले आहेत की बॉनेट उघडण्याची कळ कोठे आहे हेही कित्येकांना विचारावे लागते.

आता झाकणाकडे येऊ. रेडिएटरचे झाकण हे केवळ बूच नव्हे. तो एक दाबाचा व्हॉल्व्ह आहे, घरातल्या प्रेशर कुकरच्या शिटीचा सख्खा भाऊ. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळते. महाबळेश्वरला, सुमारे १,३५० मीटर उंचीवर, ते ९५-९६ अंशांनाच उकळते; म्हणून तेथे डाळ शिजावयास वेळ लागतो. याउलट बंद भांड्यात दाब वाढविला की उकळण्याचा बिंदू वर जातो. झाकण सुमारे एक बार, म्हणजे बाहेरील हवेइतकाच आणखी एक दाब, आत धरून ठेवते आणि त्या दाबाखाली पाणी १२० अंशांच्या आसपास पोहोचेपर्यंत उकळत नाही. तेव्हा ११० अंशांवरचे पाणी आत शांत असते ते केवळ झाकणाच्या धाकाने. झाकण फिरविले की दाब गेला, आणि तेच पाणी एका क्षणात उकळून वाफेसह बाहेर झेपावते. टॉवेलाने काय होणार? उलट भिजलेला टॉवेल कातडीस चिकटून बसतो. इंजिन बंद करून किमान अर्धा-पाऊण तास जावा, वरचा होज पाईप हाताने सहज दाबता यावा, आणि मगच झाकणास हात लावावा. घाई असली तर गाडी सोडून दुसऱ्या वाहनाने जावे, परंतु झाकण उघडू नये. आणि दुर्दैवाने भाजलेच तर शाई, टूथपेस्ट, तूप असले काही न लावता वीस मिनिटे वाहते साधे पाणी घालावे आणि डॉक्टर गाठावा.

या झाकणात दाब धरणारे एक रबर असते, त्याच्या वर आणखी एक रबर असते, आणि मध्ये एक चिमुकला उलटा व्हॉल्व्ह असतो. तापलेले पाणी फुगते तेव्हा जादा पाणी नळीवाटे बाटलीत जाते. रात्री इंजिन निवले की आत पोकळी होते व हा उलटा व्हॉल्व्ह उघडून बाटलीतले पाणी परत ओढले जाते. सगळे ठाकठीक असेल तर रेडिएटर सदैव काठोकाठ आणि चढउतार तेवढा बाटलीत, असा हा न्याय आहे. परंतु वरचे रबर फाटले, किंवा बाटलीच्या नळीला चीर गेली, किंवा अन्यत्र कोठे गळती असली, की पोकळी पाण्याऐवजी हवा ओढून घेते. मग बाटली भरलेली ती भरलेलीच राहते आणि रेडिएटर मात्र दिवसेंदिवस रिता होत जातो. आपल्या गृहस्थांच्या गाडीत नेमके हेच झाले होते. पंपाच्या सीलातून थेंब थेंब पाणी जात होते, झाकणाचे वरचे रबर फाटले होते, आणि बाटली महिनोन्‌महिने खुणेवर उभी राहून सर्व क्षेम आहे अशी खोटी साक्ष देत होती. ते झाकण काही शे रुपयांत नवे मिळते.

तेव्हा पहिला नियम हा की बाटलीवर विश्वास ठेवावयाचा, पण आंधळा नव्हे. पंधरवड्यातून एकदा, सकाळी, इंजिन अगदी थंड असता, रेडिएटरचेच झाकण उघडून पाहावे. पाणी गळ्यापर्यंत दिसले पाहिजे. पुष्कळ नव्या गाड्यांत रेडिएटरवर झाकण नसते. बाटलीच दाब सोसणारी असून झाकण तिच्यावर असते. तेथे बाटलीतील पातळी खरी मानावी, पण तीही थंड असतानाच पाहावी. पेन्सिलीने तारीख व पातळी बाटलीवरच लिहून ठेवली तर उत्तम. बाटलीची पातळी उतरत राहिली तर पाणी कोठे तरी जात आहे हे नक्की. बंद व्यवस्थेतले पाणी सहसा ‘उडून’ जात नाही, गॅरेजवाला काहीही म्हणो.

मग ते जाते कोठे? गळतीचे दोन प्रकार आहेत : डोळ्यांस दिसणारी आणि न दिसणारी. दिसणारीसाठी रात्री गाडीखाली जुने वर्तमानपत्र पसरून ठेवावे. सकाळी डाग पडलेला आढळला तर आधी तो पाण्याचा आहे की कूलंटचा हे ठरवावे. वातानुकूलनाचे पाणी स्वच्छ, बिनरंगाचे असते आणि बहुधा डाव्या बैठकीच्या खालच्या बाजूला पडते. त्याची चिंता नको. कूलंट रंगीत, बोटांस किंचित बुळबुळीत आणि गोडसर वासाचे असते. डाग पुढच्या बाजूला असेल तर रेडिएटर, त्यातही पत्र्याचा गाभा आणि प्लॅस्टिकच्या टाक्या जेथे सांधलेल्या असतात ती कड, पाहावी. डाग इंजिनाच्या पट्ट्याच्या बाजूला असेल तर पंपाचा संशय घ्यावा. पंपाच्या पोटाखाली एक लहान भोक मुद्दाम ठेवलेले असते. सील खराब झाले की त्यातून ओघळ येऊन तो इशारा देतो. काही हुशार मंडळी ते भोकच बुजवितात! मग पाणी बेअरिंगात जाते आणि पंप समूळ जातो. होज पाईपच्या टोकांशी, क्लिपांखाली, पांढरी-हिरवी पूड साचलेली दिसली तर तेथे गळून वाळलेले आहे असे समजावे. पाईप दाबून पाहावेत : कडक होऊन तडकलेला पाईप वाईट, आणि लोण्यासारखा मऊ पडलेला त्याहून वाईट. जुन्या लोखंडी ब्लॉकच्या इंजिनांत बाजूस पत्र्याची गोल बुचे बसविलेली असतात. वर्षानुवर्षे नळाचे पाणी भरणाऱ्यांच्या गाडीत ती आतून गंजून एके दिवशी फुटतात.

डोळ्यांस न दिसणारी गळती ही खरी परीक्षेची जागा. येथे आमचीच एक फजिती सांगण्यासारखी आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या गाडीतून महिन्यास सुमारे अर्धा लिटर कूलंट नाहीसे होऊ लागले. खाली डाग नाही, पाईप कोरडे. एका गॅरेजात दाखविले. तेथील मिस्त्रींनी तेल भरावयाचे झाकण उघडले, त्याच्या आत दुधाळ साय दिसली, आणि त्यांनी लगेच निकाल दिला : ‘हेड गॅस्केट उडाले आहे, हेड उतरवावे लागेल.’ खर्चाचा आकडा ऐकून आम्ही विचारासाठी एक दिवस मागून घेतला.

हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचे धड आणि माथा यांच्यामधील चपटा पापुद्रा. तो फुटला तर पाणी, तेल आणि जळणारा वायू यांच्या वाटा एकमेकींत मिसळतात. याची लक्षणे पुष्कळ आहेत आणि ती एकत्र पाहिली पाहिजेत. पाणी तेलात उतरले तर तेल मोजण्याच्या पट्टीवर दूध घातलेल्या चहाचा रंग दिसतो. पाणी सिलिंडरात गेले तर इंजिन गरम झाल्यानंतरही धुराड्यातून दाट पांढरा धूर येतच राहतो. वायू पाण्यात शिरला तर थंड इंजिन चालू करताच एक-दोन मिनिटांत होज पाईप दगडासारखा होतो, आणि थंडपणी झाकण काढून इंजिन चालू केले तर रेडिएटरच्या तोंडाशी अखंड बुडबुडे येतात. याची रासायनिक परीक्षाही आहे : रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरून आतील हवा त्यातून ओढतात. पेट्रोल इंजिनाचा जळका वायू त्यात असेल तर निळ्याचे पिवळे होते.

आता आमच्या गाडीकडे पाहा. महिना जुलैचा, गाडी रोज दीड-दोन किलोमीटर स्टेशनपर्यंत जाई आणि परत येई. एवढ्याशा फेरीत इंजिन पुरते तापत नाही, पावसाळी हवेतील दमट वाफ तेलाच्या झाकणाखाली गोठते आणि तेलाशी घुसळून तीच दुधाळ साय तयार होते. तेल मोजण्याची पट्टी मात्र आमच्या गाडीत स्वच्छ होती. बुडबुडे नव्हते. म्हणजे एका लक्षणावरून निकाल झाला होता. दुसऱ्या दिवशी आम्ही एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी थंड इंजिनावर झाकणाच्या जागी एक हातपंप लावला, झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत हवा भरली आणि घड्याळ पाहत बसले. दहा मिनिटांत काटा हळूहळू उतरला. गळती आहे हे ठरले. कोठे ते मात्र दिसेना. मग त्यांनी आम्हांस विचारले, ‘साहेब, रात्री समोरची काच आतून धूसर होते का?’ होत होती. पुसली तर चिकट डाग राहत असे, आणि आम्ही तो पावसाळ्याचा दोष समजत होतो. त्यांनी डाव्या बैठकीपुढची सतरंजी उचलली. खालचा नमदा ओला व गोड वासाचा! गाडी उबदार करणाऱ्या हीटरचा जो छोटा रेडिएटर डॅशबोर्डच्या आत असतो, तोच पाझरत होता. गॅस्केट शाबूत होते. त्या दिवशी हेड उतरविले असते तर खर्चही गेला असता आणि गळतीही राहिली असती.

ही दाबाची परीक्षा सोपी आहे, स्वस्त आहे, आणि तरीही ती आपणहून करणारी गॅरेजे आम्हांस फार थोडी आढळली. तेव्हा ‘गॅस्केट गेले’ हे शब्द कानी पडताच भांडू नये. एवढेच म्हणावे की आधी प्रेशर टेस्ट करा, झाकणही तपासा, आणि मग हेडाला हात लावा.

पाणी पुरेसे असूनही इंजिन तापत असेल तर निदानाची किल्ली एकाच प्रश्नात आहे : ते कधी तापते? सिग्नलला, रांगेत, गाडी उभी असताना काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर उतरतो, असे असेल तर वाऱ्याची तूट आहे, म्हणजे पंखा. इंजिन चालू ठेवून थांबावे आणि पंखा फिरतो की नाही ते कानाने ऐकावे. न फिरल्यास फ्यूज, रिले, तापमान कळविणारा सेन्सर आणि शेवटी पंख्याची मोटार, असा क्रम. बहुतेक गाड्यांत वातानुकूलन लावताच पंखा सुरू होतो. तसा तो होत असेल तर मोटार जिवंत आहे, दोष सेन्सरात किंवा त्याच्या तारेत आहे, एवढे घरबसल्या कळते. उलट उभी असताना सर्व ठीक आणि महामार्गावर वेगात किंवा घाटात काटा चढतो, तर वारा मुबलक आहे, पाणी कमी वाहते आहे : रेडिएटर आतून क्षाराने तुंबलेला, पंपाची पाती झिजलेली, पट्टा घसरणारा, किंवा थर्मोस्टॅट अर्धवट उघडणारा. रेडिएटर बाहेरूनही तुंबतो. त्याच्यापुढे वातानुकूलनाची जाळी असते आणि दोहोंच्या फटीत चिखल, किडे व गवताचे तुरे बसतात. पुढून पाहता सर्व स्वच्छ दिसते. काटा वरखाली नाचत असेल तर पाणी कमी आहे किंवा आत हवेचा फुगा अडकला आहे. होज पाईप बदलल्यानंतर नीट हवा न काढल्यास ही तक्रार हमखास येते.

काट्याबद्दल दोन शब्द. बऱ्याच आधुनिक गाड्यांचा काटा मुद्दामच आळशी केलेला असतो. इंजिन काही अंश वर-खाली झाले तरी तो मध्यावरच बसून राहतो आणि हलतो तेव्हा पुष्कळ उशीर झालेला असतो. खरा आकडा पाहावयाचा असेल तर स्टिअरिंगखालच्या खाचेत बसणारे वाचनयंत्र आता बाजारात सहज मिळते. ते अंशांत तापमान दाखविते. दुसरे, आणि हे घाटातल्या त्या पुतण्याने जिवाच्या घाईत केलेल्या चुकीचे उत्तर आहे : तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असला तरच खरे सांगतो. पाणी निघून गेले की तो हवेत लोंबकळतो आणि काटा ‘थंड’ दाखवितो, जेव्हा धातू लाल होण्याच्या वाटेवर असतो. तापलेल्या गाडीचा काटा एकाएकी तळाला गेला तर आनंद मानू नये. त्याच क्षणी इंजिन बंद करावे. मुलाला दोष देण्याचे कारण नाही. ही गोष्ट त्यास कोणी सांगितलीच नव्हती.

आपल्याकडील काही गॅरेजांत तापणाऱ्या गाडीवर दोन रामबाण उपाय केले जातात आणि दोहोंविषयी आमचे मत प्रतिकूल आहे. एक, थर्मोस्टॅट काढून फेकणे. दुसरा, पंखा ‘डायरेक्ट’ करणे. थर्मोस्टॅट काढला की इंजिन कधी पुरते तापतच नाही. पेट्रोल अधिक जळते, तेल घाण होते, सिलिंडर झिजतात. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅटच जवळची वाट बंद करीत असतो. तो नसला तर पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातो आणि ऐन घाटात गाडी अधिकच तापते. पंखा डायरेक्ट केल्याने अडला प्रवास पुरा होतो हे खरे, म्हणून वाटेवर तो उपाय क्षम्य आहे. परंतु घरी आल्यावर मूळ दोष काढलाच पाहिजे. अहोरात्र फिरणारा पंखा स्वतःच एक दिवस बसतो, आणि तोही बहुधा गर्दीच्या रस्त्यात.

घाटात काटा चढू लागला तर काय करावे? प्रथम वातानुकूलन बंद. नंतर हीटर पूर्ण गरमवर आणि त्याचा पंखा जोरात. मे महिन्यात हे अघोरी वाटेल, पण हीटर हा एक छोटा रेडिएटरच आहे व तो इंजिनाची उष्णता ओढून घेतो; खिडक्या उघडाव्यात आणि लहानांस थोडा त्रास सोसावयास सांगावा. तरीही काटा चढतच राहिला तर सुरक्षित जागा पाहून, वळण टाळून, गाडी बाजूस घ्यावी, इंजिन बंद करावे, मागे दगड लावावा, माणसांना रस्त्यापासून दूर सावलीत बसवावे आणि थांबावे. तापल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नये. ॲल्युमिनियमचे हेड वाकते वा तडकते. इंजिन निवल्यावर पाणी भरावे, आणि गळती मोठी असेल तर ओढून नेणारी गाडी बोलवावी. तिचे भाडे इंजिनाच्या किमतीपुढे काहीच नव्हे.

पाण्याविषयी आमची भगिनींस विशेष विनंती आहे, कारण बोअरच्या पाण्याने गीझरचे काय होते ते त्या आमच्याहून चांगले जाणतात. जो पांढरा थर गीझरमध्ये बसतो तोच रेडिएटरच्या केसाएवढ्या वाटांत बसतो. म्हणून कूलंट आणि क्षारविरहित पाणी यांचे मिश्रण, बहुधा निम्मे-निम्मे, वापरावे. काही डबे आधीच मिसळलेले येतात, त्यांत पुन्हा पाणी घालू नये. आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. गंज थांबविणे हे त्याचे येथील मुख्य काम आहे, आणि उकळण्याचा बिंदू चढविणे हे दुसरे. ही गंजविरोधी द्रव्ये काळाने संपतात, म्हणून गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मुदतीत ते बदलावे. हिरवे, लाल, निळे हे रंग कारखानदारांच्या मर्जीचे आहेत. रंग सारखा म्हणून जात सारखी, असे येथे नाही. पुस्तकात सांगितलेलेच घ्यावे आणि दोन प्रकार मिसळू नयेत.

व्याख्यानानंतर एका भगिनीने विचारलेला प्रश्न येथे नोंदवून ठेवतो, कारण तो आम्हांसच सुचावयास हवा होता. जुने कूलंट काढल्यावर ते कोठे टाकावे? बहुतेक कूलंटांत एथिलिन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड आणि जातीने विष आहे. मूत्रपिंडे निकामी करते. कुत्री-मांजरी ते चाटून मरतात, आणि सरबताच्या बाटलीत भरून ठेवलेले रंगीत पाणी लहान मूल सरबत समजूनच पिते. तेव्हा ते अंगणात वा गटारात ओतू नये. काम गॅरेजात करवून जुने द्रव तेथेच ठेवून यावे. उरलेले नवे कूलंट मूळच्या डब्यातच, नावाच्या चिठ्ठीसह, कुलूपबंद कपाटात ठेवावे. घरात कोणाच्या पोटात ते गेलेच तर लक्षणांची वाट न पाहता डबा बरोबर घेऊन तडक इस्पितळात जावे. आरंभी मूल केवळ झिंगल्यासारखे दिसते व पुढे काही तास बरे वाटते, आणि उपचाराची वेळ तीच असते.